कुठला रेडिओ चालू आहे? दिव्याचा पुरावा

मंडळी, आपत्तीच्या वेळी धावणाऱ्या गाडीत कधी कधी दोन-तीन वायरलेस सेट असतात. माइक मात्र एकच, आणि तो कुठल्या सेटला जोडायचा हे ठरवणारं बटणही एकच. घाईत बटण भलतीकडेच राहतं, निरोप दुसऱ्याच सेटवरून जातो, आणि तिथे ऐकणारं कुणी नसतं. उपाय सोपा वाटतो: सेटागणिक एक एलईडी. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी, साधारण १.२ किलोओहमचा रोध, झालं काम.

पण दिव्याची वायर घ्यायची कुठून? खरी गोम इथे आहे.

नैयायिक धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. तिथे धूर हा हेतू, आणि 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती. आपला दिवा म्हणजे धूर. वायर निवडीच्या बटणावरून घेतली तर त्याची व्याप्ती बटणाशी, सेटशी नव्हे! सेटचा फ्यूज उडाला तरी दिवा आपला लागलेलाच.

अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी हेच झालं. दाब सोडणारी झडप उघडीच अडकली होती. नियंत्रण कक्षातला दिवा विझला, म्हणून झडप मिटली असं तिथल्या लोकांनी धरलं. दिवा सांगत होता एवढंच, की झडपेच्या सोलेनॉइडची वीज बंद झाली. दोन तासांहून अधिक काळ त्या झडपेतून पाणी जात राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला.

म्हणून बटणावरच्या दिव्याखाली 'निवडला' लिहा, 'चालू' नको. प्रक्षेपणाचा लाल दिवा अँटेनाच्या केबलमधल्या रेडिओ लहरींचा अंश डायोडने पकडून लावा. (केबल पुढे तुटली असेल तरी तो लागू शकतो, बरं का. निरोप पोचला की नाही, ते पलीकडचा माणूसच सांगणार.)

आणि दिवा लागलाच नाही तर? सेट बंद आहे, की दिवाच गेलाय? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक इथे योग्यानुपलब्धी सांगतात: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच न दिसण्यावरून तिचा अभाव ठरतो. ती स्थिती आणायला सगळे दिवे एकदम लावणारं चाचणीचं बटण बसवा. गाडी निघण्याआधी ते एकदा दाबायचं.