हाकेच्या अंतरावर

मावळात कुणी ट्रेकर धुक्यात वाट चुकला, कड्यावर अडकला की फोन जातो लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'ला. रात्र असो, पाऊस असो, पोरं दोर-स्ट्रेचर घेऊन निघतात. त्यामुळं ‘आहे तिथंच थांबा, माणसं येतायत’ हे आपल्या अंगवळणी पडलंय. हाच ट्रेकर आता हिवाळ्यात गुलमर्गला, औलीला स्की आणि स्नोबोर्ड शिकायला जातो. खोल बर्फात मात्र येणाऱ्या माणसांची वाट पाहण्याइतका वेळच नसतो, आणि ही गोष्ट निघण्याआधी कळलेली बरी.

ताज्या, भुसभुशीत बर्फात नव्वद टक्क्यांपर्यंत हवाच असते. तरी माणूस गुदमरतो. पडल्यावर बर्फ नाका-तोंडात जातो, चेहऱ्याभोवती घट्ट बसतो. उच्छ्वासाच्या उबेनं तो थोडा वितळतो, पुन्हा गोठतो आणि तोंडापुढं हवा न जाऊ देणारा पापुद्रा धरतो. सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथंच कोंडतो, पुढच्या श्वासाला तोच आत येतो. माणूस गारठून मरण्याच्या कितीतरी आधी बेशुद्ध होतो.

त्यासाठी हिमकडाच कोसळायला हवा असं नाही. सूचिपर्णी झाडाच्या खालच्या फांद्या पडणारा बर्फ अडवतात, म्हणून बुंध्याभोवती पोकळ विहीर राहते. वरून ती दिसत नाही. उतारावरून येणारा तिच्यात बहुतेकदा डोक्यावरच पडतो. झोडणीनंतर पेंढ्याच्या गंजीत उलटं पडलेल्या मावळातल्या पोराला विचारा, हात टेकायला काही सापडत नाही. इथं तर पायात स्की असतात, स्नोबोर्डवाल्याचे दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले. धडपडावं तसा फांद्यांवरचा बर्फ आणखी खाली येतो. उत्तर अमेरिकेत स्वयंसेवकांना मुद्दाम अशा खड्ड्यात उतरवून चाचण्या घेतल्या, तेव्हा दहातल्या नऊ जणांना स्वतःहून बाहेर येता आलं नाही.

हिमस्खलनात गाडल्या गेलेल्यांचा स्वित्झर्लंडमधला अभ्यास 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. पंधरा मिनिटांच्या आत काढलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वाचले होते. पस्तीस मिनिटांवर हा आकडा तीस टक्क्यांच्या आसपास घसरतो. 3 फेब्रुवारी 2016 ला सियाचीनच्या सोनम चौकीवर, 19,600 फुटांवर, दहा जवान बर्फाखाली गेले. त्यांत साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक होता. लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, 11 तारखेला दिल्लीत त्यांनी प्राण सोडला. भोवती हवेची पोकळी असल्याशिवाय इतका काळ कुणी तगत नाही. त्यांच्या उदाहरणावर कुणी भरवसा ठेवू नये.

गाडलं जाणं आपल्याला परकं नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री घाटाखाली इर्शाळवाडीवर दरड आली, यंत्रं वर चढेनात, कुदळ-फावड्यानं उकरावं लागलं. दबलेला बर्फही तसाच जड असतो. हातानं तो निघत नाही. म्हणून ज्यांना आखीव उतार सोडून जायचंय त्यांनी फावडं, शोधकाठी आणि गाडलेल्याचा ठाव देणारा 457 किलोहर्ट्झचा बीकन जवळ बाळगावा, आणि वापरून पाहिलेला असावा. गुलमर्गला 1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले. बर्फ ताजा असताना आखीव उतारांबाहेर जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

झाडांत शिरायचं असेल तर काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा. गळ्यात शिट्टी हवी. घसरताना बुंधा किंवा फांदी धरा, पडलात तर ओरडा, चेहऱ्यापुढं हातानं जागा करा आणि हालचाल थांबवा. सोबती नजरेत हवा, नाहीतर निदान हाकेच्या अंतरावर. खाली लिफ्टपाशी भेटू म्हणणारा मित्र या बर्फात उपयोगाचा नाही.

आणि तो सोबती तुम्हीच असाल तर मदत मागवत खाली धावू नका, आधी उकरायला लागा. वरून पायाला धरून ओढू नका, बाजूनं तोंडापर्यंत खणत जा. नाक-तोंड मोकळं करा, मग छाती. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडानं श्वास द्या. पाय शेवटी सुटले तरी चालतात.