पाणी माझं, फावडं दुसऱ्याचं

आपल्या वावराला आपण पाणी भरायचं नाही. बंधारा गावाचा, पाट गावाचा, समोर पीक सुकताना दिसतंय, तरी फावड्याला हात लावायचा नाही. पाणी भरणारा माणूस वेगळा, सगळ्यांनी मिळून नेमलेला. धुळे जिल्ह्यातल्या फड पद्धतीचा हा नियम पहिल्यांदा कळतो तेव्हा विचित्र वाटतो. थोडा विचार केला की थक्क व्हायला होतं.

पांझरा पिंपळनेरकडच्या डोंगरांतून निघते, साक्री तालुका आणि धुळे शहर मागे टाकून उत्तरेला वळते आणि मुडावदला तापीला मिळते. तिच्यावर, आणि पुढे गिरणेत जाणाऱ्या मोसम-आरम या बागलाणातल्या नद्यांवर, जुन्या लोकांनी एकाखाली एक असे बंधारे बांधले. फड पद्धत तीनशे-चारशे वर्षांची मानली जाते. बंधाऱ्याखाली भिजणारं सगळं क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे साधारण तीन-चार मोठे भाग, त्यातला एकेक म्हणजे फड. एका फडात त्या वर्षी एकच पीक. एकात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, आणि पुढच्या वर्षी अदलाबदल. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन एकाच जागी नसते, फडाफडांत थोडी थोडी विखुरलेली असते.

विखुरलेली जमीन म्हणजे गैरसोय, असं कृषिशास्त्राचं कोणतंही पुस्तक सांगेल. इथे मात्र सगळी मेख तिच्यातच आहे. पावसाळा सरला की नदीचा प्रवाह बघून शेतकरी एकत्र बसतात आणि यंदा किती फड भिजवायचे ते ठरवतात. पाणी कमी असेल तर एखादा फड पडीत. त्या फडात जवळपास प्रत्येकाचा तुकडा असल्यामुळे तोटाही प्रत्येकाचा. पाटाच्या तोंडाशी असलेला शेतकरी मजेत आणि शेपटाकडचा कोरडा, असा कालव्यावरचा नेहमीचा प्रकार इथे मुळातच अवघड. दुष्काळ आला तर सगळ्यांच्या दारात सारखाच येतो. आणि सबंध फडात एकच पीक असल्यामुळे पाण्याची गरजही सारखी. पाणी भरणारा पाटकरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे भिजवत जातो, ‘माझ्या उसाला आधी’ म्हणायला कुणाला जागाच राहत नाही.

माणसांची रचनाही बघण्यासारखी. वर्षाचा निर्णय शेतकऱ्यांच्या सभेचा. अंमलबजावणी आणि तंटे पंचांकडे. देखरेखीला हवालदार, पाणी फिरवायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या. त्यांचा मोबदला परंपरेने पिकातल्या वाट्यातून, म्हणजे थळ पिकलं तर पाटकऱ्याच्या घरी धान्य. पंगतीत वाढप्याने आधी स्वतःच्या पानात वाढून घ्यायचं नसतं, तोच हा न्याय. सत्ता एका हातात साठू नये म्हणून ती वाटून द्यावी, असं फ्रान्सच्या माँतेस्क्यूने १७४८ साली ग्रंथ लिहून मांडलं. पांझरेकाठी ग्रंथ कुणी लिहिला नाही. ज्याला पाणी हवं त्याच्या हातात फावडं द्यायचं नाही, एवढंच केलं.

पाणी वाटता वाटता राज्यकारभार शिकलेली माणसं जगात इतरत्रही आहेत. स्पेनच्या व्हॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी पाणी-न्यायालय भरतं. न्यायाधीश म्हणजे शेतकऱ्यांनी निवडलेले शेतकरीच, सगळं कामकाज तोंडी, निकाल तिथल्या तिथे. युनेस्कोने २००९ साली त्याला मानवी वारशात जागा दिली. बालीत भातखाचरांचं पाणी सुबक नावाच्या संस्था वाटतात. नेदरलँड्समध्ये तेराव्या शतकापासून चालत आलेल्या पाणी-मंडळांच्या आजही निवडणुका होतात आणि ती स्वतःचा कर घेतात. सामाईक साधनं सरकारी अंमल किंवा खासगी मालकी यांशिवायही टिकू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेही २००९ मध्येच. त्यांच्या अभ्यासात व्हॅलेन्सिया होतं. पांझरेच्या बंधाऱ्यांनी त्यांना पुष्कळ मालमसाला पुरवला असता.

पण भाबडेपणा नको. फडाच्या सभेत आवाज होता तो जमीनवाल्याचा. भूमिहीनाला पाण्यात वाटा नव्हता, राखण आणि मजुरी मात्र होती. बायकांनी शेतात राबावं, ठरवायला पुरुषांनी बसावं, हे तर तेव्हा कुणाला खटकलंही नसेल. या दुखण्यावर उत्तर शोधलं ते खानदेशाबाहेर. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली आणि पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर न ठेवता घरातल्या माणसांवर ठेवला. भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला बंदी. माझ्या मते लोकशाहीच्या हिशेबात हे पाऊल फडाच्या पुढचं आहे, जरी ते फडाइतकं टिकलं नाही.

इंग्रजी अमदानीत दुसरीच तऱ्हा आली. चाळीसगाव तालुक्यात गिरणेवर जामदा बंधारा आणि त्याचे कालवे झाले, कारभार सरकारी खात्याचा. शेतकऱ्याने नमुना नंबर सातचा अर्ज भरायचा, मंजुरीची वाट बघायची, आवर्तन कधी सुटेल ते वरून कळायचं. कालवा मोठा, नागरिक मात्र अर्जदार झाला. पुढे विहिरी आणि विजेचे पंप आले, वरच्या अंगाला धरणं झाली, आणि फडाची पकड ढिली पडली. ज्याच्या वावरात स्वतःची मोटर, त्याला सभेला जायची निकड काय?

गंमत म्हणजे सरकार फिरून त्याच वाटेवर आलं. २००५ साली महाराष्ट्राने सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला. पाणी वापर संस्थेला पाणी मोजून द्यायचं, आत वाटप तिने करायचं. संचालक कालव्याचं तोंड, मध्य आणि शेपूट अशा तिन्ही भागांतून सारखे, आणि अध्यक्षपद या तिन्ही भागांत आळीपाळीने. जे फडाने जमीन विखरून साधलं, ते कायदा खुर्ची फिरवून साधू पाहतो.

कायदा चांगला आहे, पण कागदावरची संस्था पाणी वाटत नाही. तुमचं वावर एखाद्या कालव्यावर असेल तर तुमच्या पाणी वापर संस्थेची सभा कधी आहे ते विचारा, जा, आणि अध्यक्षपद शेपटाकडच्या गावाला शेवटचं कधी मिळालं ते नोंदवहीतून काढून मागा.