दुपारी विरघळलेलं खत पहाटे तळाला का बसतं?



थंडीचे दिवस आहेत. वेळापूरच्या शिवारात डाळिंबाला ठिबकातून खत द्यायचं म्हणून तुम्ही आदल्या दुपारीच तयारी केली. पिंपात १०० लिटर पाणी घेतलं, त्यात १३-०-४५ खत ३० किलो टाकलं. उन्हात ढवळत राहिलात, संध्याकाळपर्यंत सगळं विरघळलं, पाणी नितळ झालं. पहाटे बघता तर तळाला पांढऱ्या खड्यांचा थर! खतात भेसळ आहे म्हणून दुकानदाराशी भांडायला निघण्याआधी जरा थांबा. ही करामत थंडीची आहे.

लाडवाचा पाक घरोघरी होतो. गरम असतो तोवर साखर त्यात मावते, गार झाला की कडेनं साखर जमते. खताचंही तसंच. १०० लिटर पाणी ३० अंश उष्णतेला १३-०-४५ सुमारे ४५ किलो सामावून घेतं. २० अंशांला ३१ किलो, आणि १० अंशांला जेमतेम २१ किलो. म्हणजे रात्रीतून पिंप १० अंशांवर उतरलं, तर तुमच्या ३० किलोंतलं ९ किलो खत खाली बसणार. वरचं पाणी सोडलंत तर बागेला खत कमी पडतं, आणि खडे ओढले गेले तर फिल्टर आणि ड्रिपर तुंबतात. दोन्हीकडून नुकसान तुमचंच.

प्रत्येक क्षाराचा स्वभाव मात्र वेगळा. खाण्याच्या मिठाला गरम-गार फारसं कळत नाही. १०० लिटर पाण्यात ते ३६ किलोंच्या आसपासच विरघळतं. युरिया थंडीतही भरपूर विरघळतो. सल्फेट ऑफ पोटॅश म्हणजे ०-०-५० मुळातच हट्टी. १० अंशांला १०० लिटरमध्ये ९ किलोच्या वर जात नाही.

आणखी एक गोष्ट हातानं पाहा. बादलीत युरिया टाकून ढवळा, बादली गार लागते. विरघळताना तो पाण्यातली ऊब ओढून घेतो. १३-०-४५ तर त्याहून जास्त. म्हणून सगळं पोतं एकदम ओतू नका. थोडं थोडं टाका, ढवळा, मग पुढचं टाका.

तेव्हा एवढं करा :

१. द्रावण आदल्या दिवशी करून ठेवू नका. द्यायच्या वेळीच करा.

२. रात्रभर उघड्यावर राहिलेलं पाणी घेऊ नका. थंडीत पहाटे विहिरीचं ताजं पाणी कोमट लागतं, तेच वापरा.

३. १० लिटर पाण्याला १३-०-४५ एक किलो, आणि ०-०-५० अर्धा किलो, याहून दाट द्रावण करू नका. मग कितीही थंडी पडो, खत खाली बसणार नाही.

४. खत विरघळावं म्हणून पिंपाखाली जाळ करू नका. १३-०-४५ म्हणजे सोराच. तो आगीला जोर देतो. विडी-काडीही लांब ठेवा.

५. कॅल्शियम नायट्रेट हे फॉस्फेट किंवा सल्फेटच्या खताबरोबर एका पिंपात मिसळू नका. तो साका गरम पाण्यानंही जात नाही.

आता उलट्या चालीचा क्षार सांगतो : चुना. बोअरच्या जड पाण्यातला चुना थंडीनं नव्हे, उष्णतेनं खाली बसतो. अंघोळीच्या बंबात आतून पांढरा थर धरतो, तो हाच. उन्हाळ्यात काळी नळी तापते आणि ड्रिपरच्या तोंडाशी तसाच थर बसतो.

मग तुंबलेल्या ड्रिपरमधलं पांढरं काय आहे हे ओळखायचं कसं? थोडं खरवडून कोमट पाण्यात टाका. विरघळलं तर खत. नळ्या कोमट पाण्यानं धुतल्या की काम झालं. नाही विरघळलं, तर त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर चुना. त्याला आम्लाचीच प्रक्रिया लागते, ती जाणकाराला विचारून करा. आणि ध्यानात ठेवा : आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

बागेला खत किती द्यायचं हे मातीच्या तपासणीवरून ठरवा. पण जे द्याल ते तळाला न राहता मुळाशी पोचू द्या. त्यासाठी पिंपात हात घालून पाणी गार आहे की कोमट एवढं आधी बघा, मगच पोतं फोडा.