गिअर अडकला, म्हणजे गिअरबॉक्स गेला?

क्लच नाही, सारखं गिअर बदलणं नाही, म्हणून ऑटोमॅटिक गाडी अनेक जणींना आवडते. पण गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की एक दुखणं कधीतरी अचानक उपटतं. इंजिन छान सुरू होतं आणि गिअरचा दांडा मात्र ‘पी’वरून, म्हणजे पार्किंगवरून, तसूभरही हलत नाही!

गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीचं हेच झालं. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. फोनवर एका गॅरेजवाल्यानं गाडी न बघताच सांगून टाकलं, “मॅडम, गिअरबॉक्स गेला. टो करून आणा, पन्नास हजार धरून चला.” म्हटलं, आधी बघू तरी.

या गाड्यांत मुलांच्या हातून दांडा सरकू नये म्हणून एक कुलूप असतं. किल्ली ‘ऑन’ असताना ब्रेक दाबला की पेडलजवळचा छोटा स्विच दोन कामं करतो. मागचे ब्रेक लाइट लावतो आणि दांड्याजवळच्या सोलेनॉइडला इशारा देतो. मग ‘टक्’ असा आवाज येतो आणि कुलूप सुटतं.

म्हणून पहिली तपासणी अगदी सोपी. कुणाला तरी गाडीच्या मागे उभं करायचं आणि ब्रेक दाबायचा. आमचे वॉचमनकाका म्हणाले, “ताई, एकपण लाइट लागत नाही.” दोष बहुधा स्विचचा किंवा फ्यूजचा! लाइट लागतात पण ‘टक्’ ऐकू येत नाही, तर सोलेनॉइड किंवा वायरिंग बघायचं. आवाज येऊनही दांडा घट्टच, तर आत सांडलेला चहा, अडकलेलं नाणं किंवा केबल. आणि दांडा हलतो पण गिअर पडत नाही, तर केबल किंवा तिच्या टोकाचं प्लास्टिकचं बुश तुटलेलं असू शकतं.

बऱ्याच गाड्यांत दांड्याशेजारी झाकणाखाली एक खाच असते. हँडब्रेक ओढून, पाय ब्रेकवर ठेवून, किल्लीनं ती दाबली की दांडा न्यूट्रलला येतो. पण ब्रेक लाइट बंद असतील तर तशीच गाडी रस्त्यावर काढू नका. आपण थांबतोय हे मागच्याला कळणारच नाही. सासूबाईंना मी रिक्षानं नेलं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक घरी आला, त्यानं स्विच बदलला. काही शे रुपयांत काम झालं.

उतारावरची गोष्ट वेगळी. तिथे गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या दातावर येतो आणि दांडा घट्ट बसतो. म्हणून गाडी लावताना पायानं ब्रेक दाबून ठेवा, दांडा न्यूट्रलला आणा, हँडब्रेक ओढा, पाय हळूच सोडून गाडी स्थिरावू द्या. मग पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’. निघताना आधी दांडा काढा, हँडब्रेक नंतर सोडा.

दांड्याशी झटापट मात्र कधीच करू नका, केबल तुटायची. आणि मेकॅनिकला नुसतं “गिअर अडकलाय” म्हणू नका. “ब्रेक लाइट लागत नाहीत, टक् आवाजही येत नाही,” असं सांगा. समोरचा मग सरळ पन्नास हजारांवर जात नाही, आधी स्विच बघतो.