आकाशगंगेचा प्रवास, मुक्कामांच्या हिशेबाने
उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधून सीएसएमटीला निघालेला लोकलचा प्रवासी किलोमीटर मोजत नाही. कल्याण, ठाणे, दादर मोजतो. २०१४ मध्ये आलेल्या ‘एलिट डेंजरस’ या अंतराळ-खेळातही हाच हिशेब कामी येतो. सूर्यापासून आकाशगंगेचे केंद्र सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर. एका उडीत ५० प्रकाशवर्षे कापणाऱ्या यानालाही पाचशेहून अधिक उड्या घ्याव्या लागतात. कंटाळलेला खेळाडू मग जास्त गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावर घाईने उतरतो आणि यान आदळते. न विकलेली शोधमाहिती त्यासोबतच नष्ट होते. प्रथम शोधक म्हणून नाव लागायचे तेही हुकते. म्हणून जाणते खेळाडू तेजोमेघ, कृष्णविवरे असे मुक्काम आधीच ठरवतात आणि मन लागेनासे झाले की सरळ संगणक बंद करतात.