काटा चढतो, पट्टा ओरडतो
जुनी गाडी, चालती गाडी : भाग 6

30 मे 2024. नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश सेल्सिअस तापमान दाखवलं आणि देशभर गदारोळ उडाला. पुढे हवामान विभागाने खुलासा केला की केंद्राचा सेन्सरच बिघडला होता. त्या दिवशी इतर काही केंद्रांवरचं तापमान याहून बरंच कमी होतं. पडताळायला दुसरी केंद्रं होती म्हणून चूक उघडी पडली. जुन्या जीपच्या डॅशबोर्डवर मात्र तापमानाचा काटा एकच असतो.

मे महिन्यात पारशिवनीत गॅरेजवाल्यांच्या कानावर एक वाक्य हमखास पडतं : "भाऊ, गाडी हीट मारून राहिली." आमडी फाट्याकडून भरून येणारी जुनी डिझेल जीप असो की खापरखेड्याच्या रस्त्यावरचा भाजीचा टेम्पो, तक्रार तीच. तिच्यामागोमाग, जाता जाता सांगितल्यासारखी दुसरी येते : सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून 'चीं' असा आवाज येतो. पहिल्या तक्रारीसाठी रेडिएटर उतरतो, दुसरीसाठी पट्ट्यावर पावडर मारली जाते. बॉनेटखाली पाहिलं तर पुष्कळदा दोन्हींचं मूळ एकच निघतं.

जुन्या डिझेल जीपमध्ये क्रँकची पुली एका पट्ट्याने वॉटर पंप आणि अल्टरनेटर फिरवते आणि पंख्याची पाती पंपाच्याच दांड्यावर बसवलेली असतात. म्हणजे पट्टा सरकला की रेडिएटरमधून खेचली जाणारी हवा मंदावते, इंजिनातलं पाणी मंदावतं आणि बॅटरीचं चार्जिंगही. मारुती 800सारख्या गाडीत पंखा विजेवर चालतो, त्यामुळे तिथे हा हिशेब वेगळा लागतो.

हा व्ही आकाराचा पट्टा पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी चेपून बसतो. पकड बाजूंची असते, तळाची नव्हे. बाजू झिजल्या की पट्टा खोल उतरतो आणि खाचेच्या तळाला टेकतो. मग कितीही ताणला तरी सरकतोच. अशा पुलीचा तळ आरशासारखा चकाकतो. इंजिन बंद असताना टॉर्च मारला तरी ती चकाकी दिसते. सरकण्याने उष्णता वाढते, उष्णतेने रबर कडक होतं आणि कडक रबर आणखी सरकतं.

आवाजाची जात ओळखता आली तर निम्मं काम झालं. हेडलाइट लावताच 'चीं' वाढत असेल तर अल्टरनेटरवर भार येऊन पट्टा सरकतो आहे. चिमणीसारखी तुटक, ठरावीक तालातली चिवचिव असेल तर पुल्या एका रेषेत नसण्याची शक्यता मोठी. चालत्या पट्ट्यावर लांबून, हात आणि कपडे सांभाळून, पाण्याचा बारीक फवारा मारायचा : आवाज वाढला तर ताण कमी, क्षणभर थांबून परत आला तर रेषा चुकलेली. घरघर मात्र बहुधा बेअरिंगची. पट्टा काढून इंजिन काही सेकंदच चालवायचं. घरघर थांबली तर दोषी पट्ट्यावर फिरणाऱ्या भागांपैकीच कोणी तरी. मग इंजिन बंद करून प्रत्येक पुली हाताने फिरवायची आणि पंपाची पुली हलवून पाहायची. पंपाच्या पोटाला एक बारीक छिद्र असतं. तिथून कूलंटचा सुकलेला ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलं आहे. नुसता पट्टा बदलून भागणार नाही.

पट्टा ठीक असूनही काटा चढत असेल, तर तो कधी चढतो ते विचारायचं. फाट्यावर सवारीची वाट पाहत उभं असताना चढतो आणि धावायला लागलं की उतरतो, तर संशय पंख्यावर. महामार्गावर वेगात चढत असेल तर रेडिएटरवर. गोंडेगाव, इंदरच्या कोळसा खाणींच्या परिसरात फिरणाऱ्या गाड्यांच्या जाळीत काळी धूळ, कुटार आणि किडे यांचा थर बसतो. तो इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेने धुवायचा. जोराच्या धारेने जाळीची पाती वाकतात. आतला थर बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा. तो उष्णता अडवतो आणि बाहेरून दिसतही नाही.

रेडिएटरचं झाकण मात्र सगळ्यात आधी पाहावं, कारण ते सगळ्यात स्वस्त. नागपूरच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी 99 अंशांच्या आसपास उकळतं, 0.9 बारचा दाब धरणाऱ्या झाकणाखाली तेच पाणी 118 अंशांपर्यंत तग धरतं. झाकणातली रबरी चकती कडक झाली, की हा दिलासा संपला.

उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून फेकणं हा विदर्भातला जुना तोडगा. त्याने इंजिन थंडीत वेळेवर तापत नाही आणि डिझेल जास्त पितं. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडी राहून थोडं पाणी रेडिएटर टाळून परत फिरतं आणि गाडी जास्तच तापते.

आता पुन्हा काट्याकडे. त्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असला तरच खरं सांगतो. गळतीने पाणी त्याच्याखाली गेलं, की सेन्सरभोवती नुसती वाफ किंवा हवा उरते आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येऊ शकतो. "आपोआप थंड झाली" असं वाटून चालक गाडी दामटतो. चढलेला काटा अचानक पडला तर गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. झाकणाला निदान अर्धा तास हात लावायचा नाही. थंड पाणी इंजिनावर ओतायचं नाही. हेडला तडा जातो. निवल्यावर रेडिएटर आणि टाकीतली पातळी बघायची : गाडीतलं दुसरं 'केंद्र' ते.

पातळी भरली, पट्टा नवा घातला, झाकण बदललं आणि तरीही सुरू इंजिनात रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, किंवा डिपस्टिकवरचं ऑइल चहाच्या रंगाचं झालं असेल, तर मामला हेड गॅस्केटचा आहे. हेड उतरवायचं कधी, फेसिंग करायचं कधी आणि मिस्त्रीला कोणते प्रश्न विचारायचे, ते पुढच्या आठवड्यात.