पहिल्या तारखेचा वकील

१९०८ साली मुंबईच्या हायकोर्टात राजद्रोहाचा जो खटला चालला, त्यात लोकमान्य टिळकांनी आपला बचाव आपणच केला आणि ज्यूरीपुढे एकवीस तासांहून अधिक काळ भाषण केले, ही हकीकत महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक असते; परंतु ती सांगताना दोन गोष्टींचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो. पहिली ही की, टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर होते आणि पुण्यात त्यांनी कायद्याचा वर्गही चालविला होता. आणि दुसरी ही की, एवढा अधिकारी पुरुष स्वतःसाठी उभा राहिला असताही शिक्षा सहा वर्षांच्या हद्दपारीची झाली, व ती फर्मावणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ च्या खटल्यात त्यांच्याच जामिनासाठी झटलेले वकील होते. मग ज्याने कायद्याचे पुस्तक कधी उघडलेले नाही, ज्याच्या घराण्यात कोर्टाची पायरी कोणी चढलेले नाही आणि ज्याला मध्यरात्री चौकीवर नेऊन बसविले आहे, अशा माणसाने एकट्याने काय करावे, हा प्रश्न भावनेचा नसून निव्वळ व्यवहाराचा आहे.

सर्वसाधारण समजूत अशी की, वकील लागतो तो खटला उभा राहिल्यावर, साक्षीपुराव्याच्या वेळी. या समजुतीने आजवर जितके नुकसान केले आहे तितके खोट्या साक्षीदारांनीही केले नसेल. अटक केलेल्या इसमास, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केलेच पाहिजे, असा घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाचा दंडक आहे. आणि त्या पहिल्या हजेरीतच, बहुधा अवघ्या काही मिनिटांत, आरोपी पोलीस कोठडीत जाणार, न्यायालयीन कोठडीत जाणार की जामिनावर घरी जाणार, याचा फैसला होतो. पोलिसांचा रिमांड अर्ज तयार असतो, सरकारी अभियोक्ता हजर असतो, तपासी अंमलदार कागद पुढे करतो. आणि दुसऱ्या बाजूस, वकील नसेल तर, केवळ हात जोडून उभा असलेला एक भांबावलेला माणूस असतो. अटक नेमकी किती वाजता झाली, तिची कारणे लेखी आणि त्याला समजेल अशा भाषेत दिली काय, घरच्यांना कळविले काय, अंगावर मारहाणीच्या खुणा आहेत काय, कोठडी मागण्यासारखा कोणता तपास खरोखर शिल्लक आहे, हे प्रश्न त्या मिनिटांत विचारले गेले नाहीत तर पुढे वर्षानुवर्षे विचारूनही त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

भागलपूरचे अंधीकरण प्रकरण या बाबतीत फार बोलके आहे. बिहारमधील त्या शहरात पोलिसांनी कोठडीतील आरोपींचे डोळे फोडले, आणि तशा अवस्थेत त्यांना दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले असताही कोणी विचारणा केली नाही. १९८० सालच्या अखेरीस या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क पहिल्या हजेरीपासूनच सुरू होतो आणि तो हक्क आरोपीस सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. तीसहून अधिक वर्षांनंतर, २०१२ साली, मुंबईवरील हल्ल्याच्या कसाब खटल्यात, म्हणजे ज्याच्याविषयी कोणाच्याही मनात दयेचा लवलेश नव्हता अशा आरोपीच्या अपिलात, त्याच न्यायालयाने हे कर्तव्य पुन्हा बजावले. हक्काची खरी कसोटी नावडत्या माणसाच्या बाबतीत लागते, हे त्या निकालाइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

हा हक्क प्रारंभापासून होता असे मात्र नाही. १८९८ च्या फौजदारी संहितेने आरोपीला वकील देण्याची मुभा दिली होती, पण मुभा म्हणजे ज्याच्या गाठीला पैसा त्याची मुभा. आणि १९५१ साली, हैदराबाद संस्थानातील फाशीच्या आरोपींच्या प्रकरणात, आपण होऊन वकील पुरविण्याचे बंधन न्यायालयावर नाही, असाच निर्णय झाला. मुंबई सरकारने न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ सालीच मोफत कायदेशीर मदतीसाठी समिती नेमली होती, परंतु कागदावरची तजवीज कोर्टाच्या आवारापर्यंत यायला तीन तपे लागली. १९७६ च्या घटनादुरुस्तीने ३९-अ हा मोफत कायदेशीर मदतीचा अनुच्छेद आला, आणि दोन वर्षांनी होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी या हक्काची मुळे थेट जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कात नेऊन रोवली. गंमत अशी की, विद्यापीठाच्या बनावट पदव्यांच्या आरोपातील त्या अर्जदाराचा अर्ज फेटाळलाच गेला. परंतु निकालाची नक्कल वेळेत हाती न पडल्याने अपिलाला वर्षानुवर्षे उशीर झाला, ही त्याची तक्रार ऐकून न्यायालयाने प्रत्येक कैद्याला निकालाची नक्कल मोफत आणि अपिलासाठी वकील मिळालाच पाहिजे, असे ठरविले. पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांविषयी रुस्तमजी या पोलीस अधिकाऱ्याने वृत्तपत्रात लिहिलेले लेख घेऊन कपिला हिंगोरानी या वकील न्यायालयात गेल्या, आणि गुन्हा शाबीत झाला असता जेवढी शिक्षा झाली असती तिच्याहूनही अधिक काळ कित्येकांनी खटल्याविना गजाआड काढला आहे, हे देशाला कळले. १९८६ मध्ये अरुणाचलातील एका सहायक अभियंत्याला धमकावल्याच्या खटल्यात आणखी एक पाऊल पुढे पडले: आरोपीने वकील मागितला नाही, ही सबब न्यायालयाने नाकारली, कारण जो हक्क आहे हेच ठाऊक नाही तो मागणार कोण? शिक्षा रद्द झाली.

आता हा हक्क पदरात पडतो कसा, ते पाहू. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ च्या नोव्हेंबरात अंमलात आला; त्यान्वये प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे आणि तालुक्याच्या ठिकाणी समितीचे कार्यालय असते. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असणाऱ्यास मोफत मदत मिळते. परंतु स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना, आणि, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, कोठडीत असलेल्या कोणत्याही इसमास, उत्पन्नाची अट लागूच नाही. म्हणजे गजाआड गेलेला माणूस लखपती असला तरी मागणी करू शकतो. साध्या कागदावरचा अर्ज पुरतो. तुरुंगातून तो अधीक्षकामार्फत जातो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही मदत मागता येते. आणि काहीच सुचले नाही तर दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहून "मला वकील नेमून द्यावा" एवढे एक वाक्य उच्चारले तरी पुष्कळ झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सरकारी खर्चाने वकील देण्याची सोय केवळ सत्र न्यायालयापुरती न ठेवता कोणत्याही न्यायालयातील खटला आणि अपील यांना लागू केली आहे. चौकशीच्या वेळीही आपल्या वकिलाला भेटता येते, जरी तो संपूर्ण चौकशीभर शेजारी बसू शकत नाही; तेवढ्यासाठी पोलिसांशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

वकील येईपर्यंत कोऱ्या कागदावर सही करू नये, आणि वकील आल्यावर त्याच्यापासून काही लपवू नये. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा होत नाही. पण त्या जबानीवरून एखादी वस्तू हस्तगत झाली तर तेवढा भाग पुराव्यात येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट मात्र कायद्याने गुप्त असते.

मोफत वकिलाविषयी लोकांच्या मनात दोन शंका असतात. सरकार पैसे देते म्हणून हा सरकारचाच माणूस, ही पहिली. ती निराधार आहे, कारण त्याची नेमणूक अभियोग पक्षाकडून नव्हे तर न्यायाधीशांच्या देखरेखीखालच्या संस्थेकडून होते. फुकटचा वकील मन लावून काम करीत नाही, ही दुसरी; आणि ती सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मानधन तुटपुंजे, कामे भाराभर, आणि नव्या सनदेच्या वकिलाकडे जुनी, गुंतागुंतीची प्रकरणे, असा क्रम अनेक वर्षे चालला. मध्य प्रदेशातील एका फाशीच्या खटल्यात ज्या दिवशी वकील नेमला त्याच दिवशी दोषारोप निश्चित झाले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारला आणि जन्मठेप अथवा फाशीच्या प्रकरणात किमान दहा वर्षे वकिली केलेलाच न्यायमित्र नेमावा व त्याला तयारीसाठी निदान सात दिवस द्यावेत, असे बजावले. २०२२ पासून अनेक जिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालये सुरू झाली असून तेथील वकील खासगी वकिली न करता केवळ आरोपींचीच कामे पाहतात. माझ्या मते या व्यवस्थेतील खरी सुधारणा हीच आहे, कारण अभियोक्त्याइतकाच पूर्णवेळ प्रतिपक्ष तिने प्रथमच उभा केला. कोर्टाच्या फाटकाशी घुटमळणाऱ्या आणि "साहेबांशी ओळख आहे" असे सांगणाऱ्या दलालांपेक्षा तो वकील शतपटीने भला.

वकिलाचे बरेचसे कौशल्य तारखा मोजण्यात असते. ६० दिवसांत, आणि गंभीर गुन्ह्यांत ९० दिवसांत, आरोपपत्र दाखल झाले नाही तर जामीन हा हक्क ठरतो. पण आरोपपत्र येण्यापूर्वी तो मागावा लागतो, आणि एक दिवस चुकला की हातचा जातो. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला तर, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळता, तो सुटकेस पात्र होतो. देशातील तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे असताना हे हिशेब कोणीतरी ठेवायला नकोत काय?

आणि जामिनाचा हुकूम झाल्यावरही काम संपत नाही. १९७८ साली मध्य प्रदेशातील एका गवंड्याला दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याची हमी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने ती अट बाजूला सारून एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडण्यास फर्माविले. आजही जामीनदाराअभावी अडकलेले लोक असतात. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळवावे, असे २०२३ चे निर्देश आहेत, आणि गरीब कैद्यांच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत रक्कम देण्याची केंद्र सरकारची योजनाही त्याच वर्षीची आहे. घरच्या माणसांनी आठव्या दिवशी त्या सचिवाच्या कार्यालयात जामिनाच्या हुकुमाची नक्कल घेऊन जावे.